आधी तारीख बदला, भुवया नंतर

पत्र : ताई, १४ डिसेंबरला माझ्या मुलीचं लग्न आहे. माझ्या भुवया गेल्या तीन-चार वर्षांत विरळ होत गेल्या आणि आता बाहेरच्या टोकाला जवळजवळ उरल्याच नाहीत. रोज पेन्सिल फिरवून शाळेत जाते, मधल्या सुट्टीपर्यंत ती घामाने उतरते. मुलीच्या ओळखीने एका ठिकाणी मायक्रोब्लेडिंगसाठी (भुवयांत केसासारख्या रेघा कोरून रंग भरतात ते) २ डिसेंबरची वेळ घेतली आहे. १२ हजार सांगितलेत, ३ हजार आगाऊ भरले. त्यांनी व्हॉट्सॲपवर तयारीची यादी पाठवली आहे : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आठ दिवस आधी बंद, चहा-कॉफी बंद, फेशियल बंद, ऊन टाळा. मला थायरॉइड आहे, गोळी आठवण झाली की सकाळच्या चहाबरोबर घेते. बीपी आहे, आणि दोन वर्षांपासून डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी इकोस्प्रिन ७५ चालू केली आहे. ती बंद करू का? जाऊबाईंनी तीन वर्षांपूर्वी हेच करून घेतलं होतं, त्यांच्या भुवया आता निळसर दिसतात. त्यामुळे धाकधूक आहे. यजमान म्हणतात, या वयात कशाला. मी नक्की काय काय तयारी करू?
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

बाई (शाळेत तुम्हाला सगळे बाईच म्हणत असणार, म्हणून मीही तेच म्हणते),

पहिली तयारी ही, की आज संध्याकाळी फोन करून २ डिसेंबरची वेळ रद्द करा. बाकी सगळं त्यानंतर बोलू.

मी पंचवीस वर्षं पार्लर चालवलं. दोरा दातात धरून धरून माझ्या पुढच्या एका दाताला बारीक खाच पडली आहे, ती अजून जिभेला लागते. मायक्रोब्लेडिंग मी स्वतः कधी कुणाला केलं नाही, त्यामुळे तुम्ही ते केलंत काय आणि न केलंत काय, माझ्या गल्ल्यात फरक पडत नाही. पण करून घेतलेल्या शेकडो भुवया नंतर माझ्या खुर्चीत आल्या, आणि स्वतःच्याही करून घेतल्या. त्या अनुभवावर सांगते, की लग्नाच्या बारा दिवस आधीची तारीख ही सगळ्यात वाईट. आदल्या दिवशी केलंत तरी एक वेळ फोटो बरे येतील!

बारा दिवसांत काय होतं ते बघा. यात पेनासारख्या दांड्याला ओळीने बसवलेल्या बारीक सुया असतात, त्यांनी केसासारख्या रेघा कापतात आणि त्या कापांत रंग भरतात. म्हणजे २ तारखेला संध्याकाळी तुमच्या कपाळावर शंभरेक बारीक जखमा असणार. पहिले दोन-तीन दिवस भुवया हव्या त्यापेक्षा गडद आणि जाड दिसतात, घरातले लोक बोलताना डोळ्यांऐवजी वर बघतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून खपल्या सुटू लागतात, कोंड्यासारख्या, आणि त्या नखाने काढायच्या नसतात. काढल्या की खालचा रंगही जातो. मग आठव्या-नवव्या दिवशी खपली गेलेली असते आणि भुवया चक्क गायब होतात. इथे पुसट, तिथे रिकामं. पैसे पाण्यात गेले म्हणून बायका याच दिवशी रडत फोन करतात. खरं तर रंग गेलेला नसतो, वर नवी कातडी आलेली असते आणि तिच्याखालून तो दिसत नसतो. तीन-चार आठवड्यांनी ती कातडी निवळते आणि रंग पुन्हा वर आल्यासारखा दिसतो. तोवर जितका टिकला तितका टिकला. उरलेल्या रिकाम्या जागा सहा ते आठ आठवड्यांनी टच-अप करून भरतात. टच-अप म्हणजे त्याच कामाचा दुसरा अर्धा भाग. एका बैठकीत हे काम कधीच पुरं होत नाही.

आता तारखा जुळवा. हळद १३ तारखेला असेल, म्हणजे अकरावा दिवस, ऐन गायब होण्याच्या टप्प्यात. त्यात हळदीला मुलीबरोबर तुमच्याही तोंडाला कुणीतरी हात फिरवणारच, आणि ‘हळद जंतुनाशक असते गं’ म्हणत वर आणखी थोडी लावणार. नुकत्या भरलेल्या जखमेवर वाटलेली हळद नको. कातडी पुरती मिटेपर्यंत त्या जागी मेकअपही चालत नाही. म्हणजे भुवया नाहीत आणि पेन्सिलही फिरवता येत नाही, अशा अवस्थेत तुम्ही विहिणीच्या शेजारी उभ्या!

‘मग आत्ता लगेच, याच आठवड्यात करते’ असं मनात आलं असेल. चार-पाच आठवड्यांत रंग बसतो, ते खरं. पण टच-अप त्यात बसत नाही. शिवाय तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी अजून निस्तरलेल्या नाहीत, त्यांच्याकडे येतेच. माझं ऐकाल तर लग्न पेन्सिलवर निभवा. संक्रांतीचं हळदीकुंकू सुरू झालं की रोज कपाळाला कुणाचं ना कुणाचं बोट लागतं, तेही उरकू द्या. रथसप्तमी झाली की करा. तिथून होळीपर्यंत पाच आठवडे मिळतात, हवा अजून कोरडी नि बरी असते, घाम नसतो. टच-अप रंगपंचमी उलटल्यावर. ही तारीख पंचांगाला आणि कातडीला, दोन्हींना सोयीची आहे.

तीन हजार आगाऊ भरलेत म्हणून कचरू नका. तारीख पुढे न्या म्हणा. समजूतदार माणूस लगेच हो म्हणेल, कारण आईच्या पुसट भुवयांचे लग्नातले फोटो म्हणजे त्यांचीही बदनामी. खरं तर लग्न १४ ला आहे हे माहीत असूनही त्यांनी २ तारीख दिली असेल, तर तेवढ्यावरूनच मी जागा बदलली असती.

आता जास्त महत्त्वाचं. तुमच्या भुवया कुठून गेल्या ते तुम्ही स्वतःच लिहिलंय : बाहेरच्या टोकाला. आणि थायरॉइडची गोळी आठवण झाली की, तीही चहाबरोबर. बाई, या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे. थायरॉइड कमी पडलं की भुवयांचा बाहेरचा एक तृतीयांश भाग विरळ होतो, ही त्याची जुनी, पुस्तकात दिलेली खूण आहे. आणि ती गोळी चहा-कॉफीबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. उठल्यावर अनशापोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा ते एक तास काही नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर. कदाचित तुमचा डोस बरोबर असेल, पण तो रोज कपात विरघळून वाया जात असेल.

तेव्हा या आठवड्यात टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासून घ्या आणि रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा. गोळीत किंवा घेण्याच्या पद्धतीत बदल केला की त्याचा परिणाम रक्तात दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे पुन्हा तपासणी जानेवारीत. बघा, रथसप्तमीच्या हिशोबात तेही बसतं. थायरॉइड जागेवर आलं तर काही केस परतही येतात. सगळे येतील असं नाही, आणि वर्षानुवर्षं दोऱ्याने उपटलेले तर बहुधा येत नाहीत. (त्या पापात माझाही वाटा आहे. नव्वदच्या दशकात आम्ही बायकांच्या भुवया धाग्याएवढ्या करून पाठवायचो आणि त्या खूश होऊन जायच्या.) पण जिथे केस परत येणार आहेत तिथे आधीच रेघा कोरून ठेवायची घाई कशाला?

एकदा त्वचारोगतज्ज्ञालाही भुवया दाखवा. विरळ होण्याची कारणं बरीच असतात. चाई असते, पाळी जाण्याच्या वयात कपाळाची केसांची रेषा मागे सरकत जाणारा एक आजार असतो आणि त्यात भुवया बरेचदा आधी जातात. आणि एक कारण आपल्याकडे कुणी तोंडावर बोलत नाही, ते मी बोलते : कुष्ठरोगातही भुवयांचे केस बाहेरून झडतात. अंगावर कुठे बधिर चट्टा असेल, हातापायाला मुंग्या असतील तर न लाजता सांगा, सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार फुकट होतात आणि तो पूर्ण बरा होतो. तुमच्या बाबतीत मला थायरॉइडचीच दाट शंका आहे. पण रंगाखाली काही झाकून टाकण्याआधी एकदा खात्री असावी. अंगावर कोड असेल, सोरायसिस असेल, किंवा कान टोचल्यावर, ऑपरेशनच्या टाक्यावर गाठीसारखा जाड व्रण आला असेल, तर हे काम करूच नका. अशा कातडीला काप बसला की त्या कापावरच नवा चट्टा किंवा गाठ उठू शकते. टिकलीच्या गोंदाने कपाळावर कधी खाज आली असेल किंवा पांढरा डाग पडला असेल, तर तोही दाखवा. टिकलीचा डाग ही पार्लरमध्ये कुणी विचारत नाही अशी गोष्ट आहे, पण तो भुवईपासून दोन बोटांवर असतो.

इकोस्प्रिन. तुमच्या पत्रातलं हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. पार्लरच्या व्हॉट्सॲप यादीवरून ही गोळी बंद करायची नाही. ज्यांनी चालू केली त्यांनाच विचारा, आणि विचारताना ‘भुवयांसाठी’ असं स्पष्ट सांगा. हृदयासाठी, स्टेंटसाठी किंवा मेंदूच्या झटक्यानंतर दिली असेल, तर बहुतेक डॉक्टर नको म्हणतील आणि त्यांचं बरोबर असेल. नुसत्या बीपीसाठी खबरदारी म्हणून दिली असेल तर कदाचित वेगळं सांगतील. निर्णय त्यांचा.

यादीत ती सूचना का असते हेही सांगते, म्हणजे तुम्हाला दोन्ही बाजू कळतील. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. तिच्यामुळे रक्त गोठवणाऱ्या पेशी, प्लेटलेट, कायमच्या निकामी होतात. त्या पेशीचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं, त्यामुळे नव्या पेशी तयार होईपर्यंत परिणाम टिकतो. म्हणून आदल्या रात्री एक गोळी चुकवून काहीच साधत नाही. रक्त जास्त आलं की ते कापातून रंग बाहेर ढकलतं, रेघ फुटते आणि महिन्याने बघाल तर केसाच्या जागी धूसर पट्टा. हे खरं आहे. पण पट्टा दिसला तर वर पेन्सिल फिरवता येते, हृदयाचं तसं नाही. डॉक्टरांनी गोळी सुरूच ठेवा म्हटलं तर मायक्रोब्लेडिंग सोडा. मशीनने टिपके देत पावडरसारखा रंग भरतात, त्यात कातडी कमी कापली जाते. तो पर्याय तरी चालेल का, हे दोघांनाही विचारा, डॉक्टरांना आणि काम करणाऱ्यांना. डोकेदुखी, गुडघेदुखीला तुम्ही परस्पर घेता त्या गोळ्यांचंही तसंच, त्यातल्या बऱ्याच ॲस्पिरिनच्या भाऊबंद असतात. माशाच्या तेलाच्या आणि व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूलही रक्त थोडं पातळ करतात, स्वतःहून घेत असाल तर आठवडाभर आधी थांबवा.

बीपीचंही आधी सांगायचं. आधी बधिर करणारं क्रीम लावतात, आणि पहिले काप दिले की वरून आणखी एक तसंच जेल लावतात, त्यात बरेचदा रक्तवाहिन्या आकसणारं ॲड्रेनलिन असतं. बीपी किंवा धडधड असलेल्या माणसाला ते चालेल की नाही हा प्रश्न खुर्चीत आडवं झाल्यावर विचारायचा नसतो. त्या जेलचं आणि क्रीमचं नाव आधी मागून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. घरून क्रीम थापून, वर प्लास्टिक गुंडाळून जाऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

यादीतल्या बाकीच्या गोष्टी पटकन उरकते. चहा : एक कप घ्या. कॉफीने रक्त जास्त येतं असं या धंद्यात सगळे म्हणतात, पण वीस वर्षांची सवय असलेल्या बाईला त्या दिवशी चहा न मिळाल्याने उठलेली डोकेदुखी मी जास्त पाहिली आहे. दारूचं तुम्हाला सांगायला नकोच. फेशियल, ब्लीच, पील (कातडीचा वरचा थर सोलणं), लेझर यातलं काही महिनाभर आधी नको. मुलीचं रेटिनॉलचं सीरम तुम्हीही लावत असाल (लग्नघरात आईच्या हाताला मुलीची बाटली लागतेच), तर तेही चार आठवडे बंद, त्याने कातडी पातळ आणि हळवी होते. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या खाल्ल्या असतील तर बरेच लोक सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. तुमच्या वयात तो प्रश्न नसावा, पण हे पत्र तुमची मुलगीही वाचेल. दोन-तीन आठवडे आयब्रो करू नका, जे चार केस आहेत ते वाढू द्या, काम करणाऱ्याला तुमची मूळ रेघ त्यांच्यावरूनच कळते. आणि केसांना डाय आठवडाभर आधी लावून मोकळ्या व्हा, नंतर पंधरा दिवस तो कपाळाजवळ आणता येणार नाही. डायने खाज येत असेल तर तेही सांगा आणि रंगाची चाचणी कानामागे किमान दोन दिवस आधी करून घ्या. चाचणी कोरी गेली म्हणजे पुढे कधीच काही होणार नाही असं नाही, तरी ती केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

जाऊबाईंच्या निळ्या भुवया. याचं उत्तर तुमच्या आजीच्या हातावर आहे. तिच्या गोंदणाचा रंग कोणता होता आठवतो? हिरवा. पण जत्रेतली गोंदणारी बाई हिरवा रंग वापरत नव्हती, ती काजळी वापरायची. काळा रंग कातडीखाली खोल गेला की वरून हिरवट-निळा दिसतो. गोंदण जातं साधारण १ ते २ मिलिमीटर खोल. भुवयांची रेघ साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतच थांबायला हवी. जाऊबाईंना रंग बहुधा फार काळा दिला आणि फार खोल दिला. आपल्याकडे ‘केस काळे म्हणून भुवया काळ्या’ हा हिशोब लावतात आणि तिथेच फसतात. आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीवर थोडी ऊब असलेला गडद तपकिरी मागायचा. लोहाच्या ऑक्साइडचे तपकिरी रंग पुढे तांबूस होतात, कार्बनचे काळे राखाडी-निळे होतात, म्हणजे दोन्हीकडे थोडं झुकणं आहेच. पण तांबूस झालेलं दुसऱ्या बैठकीत सुधारता येतं, निळं झालेलं अवघड. तेलकट कातडीवर आणखी एक गोष्ट होते : रेघा पसरतात, वर्षभरात केस केस दिसत नाहीत. तुमचं नाक-कपाळ दुपारी चमकत असेल आणि पेन्सिल मधल्या सुट्टीत उतरत असेल (लिहिलंच आहे तुम्ही), तर त्या पावडरच्या पद्धतीचा नीट विचार करा, ती तुम्हाला जास्त टिकेल.

जागा निवडताना भिंतीवरची प्रमाणपत्रं बघू नका, दोन-तीन दिवसांच्या वर्गातही ती मिळतात. फोटो मागा, आणि त्याच दिवशीचे नकोत. त्या दिवशी सगळ्यांच्याच भुवया सुंदर दिसतात. दीड-दोन महिन्यांनी बरे झालेले, जमलं तर वर्षानंतरचे, आणि आपल्यासारख्या रंगाच्या बायकांचे. ते दाखवायला कां कूं करणाऱ्याकडे जायचं नाही. सुयांचं बंद पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडलं पाहिजे, त्यावरची मुदत वाचा, शिक्षिका आहात, वाचायला लाजू नका. रंग मोठ्या बाटलीतून छोट्या वाटीत काढायचा आणि उरलेला टाकायचा, परत बाटलीत नाही. जत्रेत एकाच सुईने दहा जणी गोंदवून घ्यायच्या, त्या काळी हिपॅटायटिस बी आणि सी ही नावंही कुणाला माहीत नव्हती. आता माहीत आहेत. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर डॉक्टरांना त्याच फेरीत विचारा, तीन डोस असतात, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. रंगाच्या बाटलीच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर तिथल्या तंत्रज्ञाला भुवयांबद्दल सांगायचं असतं, कारण काही रंगांत लोह असतं आणि क्वचित तिथे चुरचुर होते. आणि शाळेच्या रक्तदान शिबिरात तुमचं नाव दरवर्षी असेल, तर त्यानंतर १२ महिने ते नसेल, गोंदणाचा नियम यालाही लागतो.

आता माझी फजिती. सहा वर्षांपूर्वी मी माझ्या करायला गेले ती जाणकारीच्या तोऱ्यात. मला कुणी काय सांगणार! तीन दिवस आधी स्वतःच स्वतःला पील केलं होतं, आदल्या रात्री डोक्याला खोबरेल चोपडलं होतं आणि संकष्टी होती, तर उपाशी गेले. कापताना जो आवाज येतो तो कुणी आधी सांगत नाही. दुखत नाही फारसं, पण कोबी किसताना येते तशी बारीक खरखर आपल्याच कवटीत ऐकू येते. दहाव्या मिनिटाला घाम फुटला. काम करणारी मुलगी टिश्यूने टिपत होती, आणि दर टिपणीला कागदावर लाल ठिपक्यांची ओळ, भुवईच्या आकाराची. ती दोनदा म्हणाली, ‘मॅम, ब्लीडिंग जास्त आहे, थांबू या का?’ मी म्हणाले, चालू दे. उजवी भुवई निम्मी टिकली, डावी बरी. टच-अपला जाईपर्यंत दोन महिने मी एका बाजूने पेन्सिल फिरवत होते. त्या मुलीची काही चूक नव्हती.

म्हणून त्या दिवशी जेवून जा. पोहे नकोत, ते लवकर जिरतात. भाकरी-भाजी, वरणभात, पोटाला आधार असेल असं, कारण बधिर करणं, आखणं, कापणं मिळून दोन-तीन तास जातात. उपवासाचा दिवस टाळा. केस आदल्या दिवशी धुवा आणि तेल लावू नका. पुढून बटणाचा कुडता घाला, डोक्यातून काढायचा नको. तुम्ही स्कूटरवर जात असाल तर त्या दिवशी नको. हेल्मेटची कड नेमकी भुवईवर दाबते आणि वरून बांधलेल्या स्कार्फचे धागे ओल्या रेघांना चिकटतात. रिक्षाने जा, बरोबर जाऊबाईंना नाही, मुलीला न्या.

आणि लग्नाचा अल्बम न्या, तुमचा. त्यात तुमच्या खऱ्या भुवया आहेत. नटीचा फोटो नेलात तर तिच्या भुवया तुमच्या चेहऱ्यावर बसतील आणि तुम्ही दिवसभर चकित दिसाल. आधी एक आठवडा घरीच रोज हव्या त्या आकाराच्या भुवया पेन्सिलने काढा नि फोटो घ्या. आठ दिवसांत यजमानांच्या लक्षातही आलं नाही तर आकार बरोबर आहे असं समजा. तिथे गेल्यावर कापण्याआधी आखून दाखवतात. नाकपुडीच्या कडेवर सरळ वर भुवईची सुरुवात, आणि नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून जाणाऱ्या तिरप्या रेघेवर शेवट. ती आखणी आडवं पडून आरशात बघू नका. आडवं झालं की चेहरा वर सरकतो, या वयात तर चांगलाच. उठून बसा, खिडकीच्या उजेडात बघा, हसा, कपाळाला आठ्या घाला, दोन वाक्यं बोला. पटलं नाही तर पुसायला लावा. तिसऱ्यांदा पुसायला लावलं म्हणून कुणी रागावत असेल तर पर्स उचला.

नंतरच्या दहा दिवसांची तयारीही आधीच करायची. शुक्रवारची वेळ घ्या आणि सोमवार-मंगळवार रजा टाका, खडूची धूळ नको. कुकरची वाफ आणि फोडणीचा धूर तोंडावर घेऊ नका, त्या आठवड्यात फोडणी यजमानांना द्या, ‘या वयात कशाला’ याचं तेवढं उत्तर पुरे. आंघोळ मानेखाली. चेहरा ओल्या रुमालाने टिपायचा, भुवया सोडून. कुंकू नको, टिकली लावलीत तर बारीक आणि खाली. त्यांनी दिलेलं मलम तांदळाच्या दाण्याएवढं, त्याहून जास्त नाही. लाली वाढत गेली, पू आला, ताप आला तर त्यांना फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडे जा.

राहिलं लग्न. पाण्याने न उतरणारी पेन्सिल घ्या, काळी नको, गडद तपकिरी, आणि रेघ न ओढता केसासारखे छोटे फटकारे मारा, बाहेरच्या टोकाला. आधी त्या जागी थोडी पावडर दाबा म्हणजे तेल बसेल, वर पुन्हा पावडर. पेन्सिल मुलीच्या मेकअपवालीकडे न ठेवता स्वतःच्या बटव्यात ठेवा, जेवणावळीनंतर एकदा हात फिरवावा लागेल. आणि पाठवणीच्या वेळी रुमाल डोळ्यांखालून टिपा, आडवा फिरवू नका. तिथे भल्याभल्यांची उजवी भुवई गेलेली मी पाहिली आहे.